पालवणकर बाळू यांचे मोठेपण आपणही कमीच मोजले का?

एप्रिल उजाडला की जालना जिल्ह्यात गावोगावी क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. अंबड, परतूर, मंठा, बदनापूर, भोकरदन, कुठेही जा. १४ एप्रिलच्या आसपास गावाबाहेरच्या पडीक रानात चुन्याच्या रेषा आखलेल्या असतात, टेनिस बॉल असतो आणि लाउडस्पीकरवर भीमगीते व कॉमेंट्री आलटून पालटून चालू असते. चषकाला बाबासाहेबांचे, माता रमाईंचे, जोतीरावांचे, शाहू महाराजांचे नाव असते. पण उत्कृष्ट गोलंदाजाच्या बक्षिसाला पालवणकर बाळूंचे नाव द्या असे म्हटले की आपल्याच तरुणांत दोन तट पडतात. निम्म्यांना हे बाळू कोण हेच माहीत नसते. उरलेल्यांना एवढेच माहीत असते की १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले होते. मग विषय तिथेच मिटवला जातो.

आम्हाला तो तिथे मिटवावासा वाटत नाही. क्रिकेटच्या प्रस्थापित इतिहासाने बाळूंना कमी लेखले हे आता बरेच अभ्यासक मान्य करतात. आमचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. आंबेडकरी चळवळीतल्या आपण लोकांनीही त्यांना कमीच मोजले, फक्त आपले कारण वेगळे होते. दोन्ही कारणे तपासायची असतील तर हा माणूस आधी काय खेळला आणि कोणत्या परिस्थितीत खेळला ते नीट पाहिले पाहिजे.

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा. घराणे कोकणातले, पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. जात चांभार. वडील लष्करात नोकरीला होते आणि मुलगा लहान असतानाच कुटुंब पुण्याच्या छावणीत आले. बाबासाहेबांचे घराणेही कोकणातलेच, आंबडव्याचे, आणि त्यांचा जन्मही महूच्या छावणीतला. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. गावगाड्याच्या बाहेर पडण्याची आपल्या लोकांना त्या काळी जी एक-दोन दारे होती, त्यांतले छावणी हे एक. आपल्या जालन्यातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत, त्यांनी टाकलेल्या बॅटी आणि जुने चेंडू नोकरांच्या पोरांच्या हाती पडत. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांनी पुण्यात हा खेळ असाच उचलला. प्रशिक्षक, अकादमी, किट यांतले काहीच नव्हते.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात लागली. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे, पगार महिना ३ रुपये. सभासदांना सराव हवा असला की अधूनमधून चेंडू टाकायचा. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार एक रुपयाने वाढला आणि कामही वाढले: जाळी बांधणे, रेषा आखणे, खेळपट्टी सांभाळणे. इथेच कोणीतरी त्यांना नेटमध्ये गोलंदाजी करायला लावले. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या काळचा हिंदुस्थानातला नाणावलेला गोरा फलंदाज. तो रोज इतरांच्या आधी मैदानावर येई आणि तासन् तास बाळूंची गोलंदाजी खेळे. आपल्याला बाद केले की तो बाळूंना आठ आणे देत असे, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट खरी असो वा रचलेली, हिशेब सोपा आहे. महिना ४ रुपये मिळवणाऱ्याला आठ विकेट म्हणजे एक जादा पगार.

पूना क्लबात एक गोष्ट मात्र बाळूंना मिळाली नाही. त्यांना बॅट हातात धरू दिली नाही. गोलंदाजी म्हणजे मजुरी आणि फलंदाजी म्हणजे साहेबी, अशी ती वाटणी होती. हजारो चेंडू टाकायचे, पण एकही खेळायचा नाही. आपल्या गावात विहीर खणणारा वेगळा आणि पाणी भरणारा वेगळा असायचा, त्याच जातीची ही गोष्ट.

पण या मजुरीतूनच कसब तयार झाले. बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज. धाव छोटी, हालचाल सहज, चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची ताकद, उंची आणि वेग बदलण्याचे भान, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दिवसभर एकाच टप्प्यावर चेंडू टाकण्याची सवय. रोज सकाळी हिंदुस्थानातल्या उत्तम फलंदाजाला चेंडू टाकून ही सवय लागली. लगान हा चित्रपट २००१ साली आला तेव्हा त्यातल्या कचरा या पात्राने आपले तरुण भारावून गेले होते. अस्पृश्य फिरकी गोलंदाज पडद्यावर दिसला याचा आनंद आम्हालाही झाला. पण त्या पात्राची फिरकी त्याच्या अधू हातातून आपोआप येते, म्हणजे ती दैवाची देणगी ठरते. बाळूंची फिरकी दैवाने दिलेली नव्हती. ती रोलर ओढणाऱ्या हाताने वर्षानुवर्षे घासून मिळवलेली होती. इतका फरक तरी आपण लक्षात ठेवावा.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि गोऱ्यांच्या नेटमध्ये एक माणूस रोज गोऱ्यांना बाद करत होता. तरीही त्याला संघात घ्यायचे की नाही यावर वाद झाला, कारण संघातले बहुतेक ब्राह्मण. शेवटी जिंकण्याची गरज मोठी ठरली. बाळू मैदानात आले आणि मग ती प्रसिद्ध व्यवस्था सुरू झाली. मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपात चहा पिणार आणि बाळू बाहेर, मातीच्या टाकाऊ भांड्यात. जेवायला वेगळे ताट, वेगळी जागा. हात-तोंड धुवायला पाणी हवे तर तेही अस्पृश्य नोकराने आणून द्यायचे. यात एक गंमत आहे, तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले नाही. क्रिकेटचा चेंडू कातड्याचा असतो. ज्या कातड्याच्या धंद्यापायी चांभाराला शिवायचे नाही, तेच कातडे सगळी ब्राह्मण मंडळी दिवसभर हातात घेऊन, पँटला घासून, झेलून आनंदाने खेळत होती. विटाळ कातड्याचा कधी नव्हताच.

या काळातला साताऱ्याचा सामना लोकांच्या आठवणीत राहिला. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याने फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टी दिवसेंदिवस रोलर फिरवून टणक केली होती, असे सांगतात. बाळूंनी सात विकेट घेतल्या आणि त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली. पुण्याला परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले. हत्तीवर बसवले, हार घातला, आणि तरीही ताट वेगळेच. रानड्यांसारख्या सुधारकांना ही विसंगती दिसत होती, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे.

पुण्यात प्लेगने थैमान घातले त्या सुमारास बाळू मुंबईला आले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांना घ्यायला आधी विरोध झाला आणि मग घेतले गेले. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी आणि रेल्वेच्या संघाकडूनही खेळणे. मुंबईत सहखेळाडूंच्या पंक्तीला बसणे हळूहळू शक्य झाले. सुधारक पत्रांनी याचे श्रेय सुधारणेला दिले. आम्हाला ते श्रेय बाळूंच्या डाव्या हाताला द्यावेसे वाटते, कारण त्याच जिमखान्याने विकेट न घेणाऱ्या कोणा अस्पृश्याला पंक्तीला बसवल्याचे आमच्या वाचनात नाही.

१९०६ च्या फेब्रुवारीत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंच्या पहिल्या डावात २४२ धावा, युरोपियनांच्या १९१. हिंदूंचा दुसरा डाव १६० वर संपला. युरोपियनांना जिंकायला २१२ हव्या होत्या आणि ते १०२ वर गारद झाले. हिंदू १०९ धावांनी जिंकले आणि दोन्ही डावांत बाळूंनी युरोपियनांचे कंबरडे मोडले. संघात शिवरामही होते. बंगालच्या फाळणीमुळे देश तापलेला असताना हा विजय राष्ट्रीय विजय म्हणून साजरा झाला. ज्या मैदानाच्या पॅव्हेलियनमध्ये हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता, त्या मैदानावर ज्याला हिंदू देवळात प्रवेश नव्हता अशा माणसाने हिंदूंना जिंकून दिले. शाळेच्या पुस्तकात हा सामना असायला हवा होता.

आता आकडे. पहिल्या दर्जाचे म्हणून जे सामने गणले जातात त्यांत बाळूंच्या नावावर ३३ सामने आणि १७९ विकेट आहेत, सरासरी १५.२१. म्हणजे दर सामन्याला पाचहून जास्त विकेट. आक्षेप घेणारे म्हणतात, ३३ सामने म्हणजे काय फार नाहीत, आणि ते कसोटी खेळलेच नाहीत. कसोटीचे उत्तर सरळ आहे. भारताची पहिली कसोटी १९३२ साली झाली, तेव्हा बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते. ३३ सामन्यांचे उत्तर मात्र समजून घ्यावे लागते. त्यांचा पहिला गणला गेलेला सामना १९०५-०६ च्या हंगामातला, म्हणजे वयाच्या तिशीतला. फिरकी गोलंदाजाची ऐन उमेदीची दहा-बारा वर्षे पुण्यात आणि मुंबईत अशा सामन्यांत गेली, जे या गणतीतच येत नाहीत. शेवटचा सामना १९२०-२१ च्या हंगामात, वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस. तिशीत सुरुवात करून पंचेचाळिशीत थांबलेल्या गोलंदाजाचे हे आकडे आहेत.

आणि मग १९११ चा इंग्लंड दौरा. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग कप्तान होते. त्यांचे लक्ष खेळापेक्षा राज्यारोहणाच्या समारंभांत आणि मेजवान्यांत जास्त होते. थोडेच सामने खेळून ते बाजूला झाले आणि संघातले उत्तम फलंदाज कर्नल मिस्त्री यांनाही बहुतेक वेळ आपल्याच दिमतीला ठेवले. संघ १४ पहिल्या दर्जाच्या सामन्यांपैकी १० हरला, २ अनिर्णित राहिले, २ जिंकले. अशा संघातून बाळूंनी या १४ सामन्यांत ७५ विकेट घेतल्या, सरासरी २०.१२. इतर सामने धरले तर दौऱ्यातल्या विकेट शंभरच्या वर जातात. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांचा वाटा ११ विकेटचा. सॉमरसेटविरुद्धच्या दुसऱ्या विजयात शिवरामने नाबाद शतक ठोकले. म्हणजे दोन्ही विजयांत पालवणकर होते.

क्रिकेट समजणाऱ्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. १९११ चा उन्हाळा इंग्लंडमध्ये विलक्षण कडक आणि कोरडा होता. इंग्लंडमध्ये फिरकीला मदत होते ती पावसाने ओल्या झालेल्या खेळपट्टीवर, त्या काळी खेळपट्ट्या झाकत नसत. बाळूंना ती मदत फारशी मिळाली नाही. खांदा दुखत होता. समोर व्यावसायिक काउंटी संघ होते आणि वय पस्तीस होते. या आकड्यांना इंग्लंडमधल्या जाणकारांनीही दाद दिली. दौऱ्यातले ७५ वजा केले तर भारतातल्या १९ सामन्यांत १०४ विकेट उरतात आणि त्यांची सरासरी बारा धावांच्या आत येते. आमच्या मते विनू मंकड आणि बिशनसिंग बेदी यांची जी डावखुऱ्या फिरकीची परंपरा आपण सांगतो तिची सुरुवात बाळूंपासून सांगितली पाहिजे.

दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्यात दिलेले मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, अशी नोंद बाळूंवर लिहिणाऱ्या इतिहासकारांनी केली आहे. तरुण मित्रांनो, ही नोंद मनात ठेवा. बाबासाहेब तेव्हा विशीचे. त्यांच्या पिढीतल्या अस्पृश्य मुलांना जाहीरपणे अभिमान बाळगावा असा, जगाने मोजमाप करून मान्य केलेला आपला माणूस म्हणजे पालवणकर बाळू.

याच काळात अमेरिकेत जॅक जॉन्सन नावाचा काळा मुष्टियोद्धा होता, वयाने बाळूंपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. हेवीवेट गटातले गोरे विजेते काळ्यांशी जागतिक किताबासाठी लढतच नसत. जॉन्सनने टॉमी बर्न्सचा पाठलाग करत अखेर १९०८ च्या डिसेंबरात सिडनीला त्याला गाठले आणि किताब घेतला. मुष्टियुद्धात अडथळा रिंगणाच्या बाहेर असतो. एकदा आत शिरलात की तुम्ही आणि समोरचा, कोणाची मेहरबानी नको. क्रिकेटमध्ये बाळू आत शिरले तरी अडथळा संपला नाही, कारण कप्तान कोण हे विकेटने ठरत नाही, ते समिती ठरवते.

समितीने ते बाळूंना कधीच दिले नाही. १९१० नंतरच्या दशकात हिंदू संघात चारही पालवणकर भाऊ खेळत होते: बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. संघातले सगळ्यांत अनुभवी खेळाडू बाळू. कप्तान मात्र एम. डी. पै. पै हे सारस्वत ब्राह्मण. त्यांनी १९१३ साली एका सत्कारात उघडपणे कबूल केले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. कबुली दिली ही त्यांची सज्जनता. कप्तानपद पैंकडेच राहिले ही व्यवस्था. स्कोअरबुकात पै, देवधर अशी आडनावे लिहिली जात आणि या भावांची मात्र बाळू, शिवराम, विठ्ठल अशी नावेच. आजही क्रिकेटच्या नोंदवह्यांत ते पी. बाळू म्हणूनच सापडतात.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत हा ताण फुटला. पै आजारी होते. बाळूंना वगळले गेले आणि ज्येष्ठ असलेल्या विठ्ठलना डावलून पुण्याचे डी. बी. देवधर कप्तान झाले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे आपल्याला डावलले जात आहे असे जाहीर निवेदन काढले. त्याच वर्षी जानेवारीत मूकनायक सुरू झाले होते आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. एकामुळे दुसरे घडले असा दावा आम्ही करत नाही. पण अपमान गिळून खेळत राहण्याचे दिवस संपत आले आहेत हे मैदानावर आणि मैदानाबाहेर एकाच वर्षी दिसले. वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला. अंतिम सामन्याला पै परत आले, भाऊ परत आले आणि बाळूंना उपकप्तान केले गेले. सामन्यात पै काही काळ मैदान सोडून गेले, म्हणजे बाळूंच्या हाती संघ येईल. सगळ्या कारकिर्दीत हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले ते एवढेच, तेही दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्यांनी स्पर्धा जिंकून दिली. प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. जे थोरल्याला नाकारले ते धाकट्याने मिळवले. पुढे काय झाले? देशातल्या मुख्य स्पर्धेला १९३४ साली रणजितसिंहांचे नाव मिळाले, जे कसोटी खेळले ते इंग्लंडकडून. देवधरांच्या नावाने देवधर करंडक सुरू झाला. देवधर मोठे फलंदाज होते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण राष्ट्रीय पातळीवरचा पालवणकर करंडक आजही नाही. प्रस्थापितांनी कमी लेखणे म्हणतात ते हेच. त्यासाठी कोणाला शिव्या द्याव्या लागत नाहीत, फक्त नाव घ्यायचे राहून जाते.

आता आपला भाग. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न आला तेव्हा बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. १९३३ मध्ये ते हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि हरले. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती बाळूंना मान्य नव्हती. आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांतिक विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. दोन हजारांचा फरक.

यातले काहीही झाकू नये. आम्ही धम्माच्या वाटेवर आहोत आणि १९३२ ते १९३७ या काळात बाबासाहेब बरोबर होते, बाळू चुकले, असे आमचे स्पष्ट मत आहे. काँग्रेसने चर्मकार समाजाचा सर्वांत लोकप्रिय माणूस निवडून अस्पृश्यांतच फूट पाडण्याचा डाव टाकला आणि बाळूंनी आपले नाव त्या डावाला दिले. पण ते असे का वागले असतील हे त्यांच्या आयुष्यातूनच कळते. त्यांनी मातीच्या भांड्यातला चहा पाहिला होता आणि दहा-बारा वर्षांत तोच माणूस पंक्तीला बसलेलाही पाहिला होता, कारण तो माणूस ते स्वतः होते. गुण दाखवला की दार उघडते, हिंदू समाज हळूहळू बदलतो, हा त्यांचा अनुभव होता. बाबासाहेबांनी महाडचे तळे आणि काळारामाचे बंद दार पाहिले. तिथे विकेट घेणारा एक नव्हता, हजारोंचा समुदाय होता, आणि त्यांच्यासाठी दार उघडले नाही. एकाला मिळालेल्या सवलतीवरून समाजाच्या मुक्तीचा अंदाज बांधणे ही बाळूंची चूक. १९२० चे कप्तानपद आठवले असते तरी ती सवलत किती तोकडी होती ते त्यांना दिसले असते.

तरीही ही चूक १७९ विकेट पुसत नाही. ज्याने १९३७ मध्ये विरोधात निवडणूक लढवली त्याचे १९०६ आणि १९११ आपले नाही, असे म्हणायला लागलो तर तरुण भीमरावांच्या हातच्या मानपत्राचे काय करायचे? आपल्यात बोलले जात नाही असे आणखी एक कारण आहे. बाळू चर्मकार समाजाचे, म्हणून ते त्यांचे, आणि आपली यादी वेगळी, असे कुठेतरी मनात असते. मराठवाड्यात स्पर्धा समाजवार होतात, मंडळे समाजवार असतात. जात मोडायची शपथ घेतलेल्यांनी गोलंदाजांच्याही जाती मोजायच्या का, एवढाच आमचा प्रश्न आहे, आणि तो आम्ही दोन्हीकडच्या मंडळांना विचारतो.

बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस त्यानंतर सव्वा वर्षाने आला.

पुण्या-मुंबईत शिकायला गेलेल्या आपल्या मुला-मुलींसाठी इथे एक काम शिल्लक आहे. १९०६ पूर्वीच्या बाळूंच्या विकेट कुठल्याही कारकिर्दीच्या तक्त्यात नाहीत. पुण्यातले सामने, साताऱ्याचा सामना, मुंबईतले सुरुवातीचे हंगाम यांचा वृत्तान्त केसरी, ज्ञानप्रकाश आणि टाइम्स ऑफ इंडियाच्या जुन्या फाइलींत शोधावा लागेल. सुरुवात विठ्ठल पालवणकरांच्या माझे क्रीडा जीवन या १९४८ च्या आत्मचरित्रापासून करता येईल. ते मराठीतच आहे. जुन्या सार्वजनिक वाचनालयांत चौकशी करावी, प्रत सापडली तर पाने स्कॅन करून आमच्याकडे पाठवावीत. सामन्यांची तारीखवार यादी आम्ही इथेच प्रसिद्ध करू, शोधणाऱ्याच्या नावासह.